त्या मोटारीचं पाणी

छावणीजवळच्या आमच्या वसाहतीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. दाब नसतो, म्हणून घरोघरी नळाला थेट मोटार लावलेली आहे. ते बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

आमच्या मोटारीला करंट येत होता. वडील विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झालेले. वायरमन कशाला, अर्थिंग मीच करतो, असं ते महिनाभर म्हणत होते. धुणीभांड्याला येणाऱ्या बाईंना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "चप्पल घालून बटण दाबत जा."

एका पाण्याच्या दिवशी बाई घाईत अनवाणीच बटण दाबायला गेल्या. फरशी ओली होती. दवाखान्यात नेईपर्यंत त्या गेल्या होत्या.

पोलिसांत अपघाती मृत्यूची नोंद झाली. मी वर्तमानपत्रात बातमीदार; चार ओळींची बातमी मीच दिली. मोटार कोणाची, हे तिच्यात नव्हतं.

तेराव्यानंतर वडील मागच्या वस्तीत बाईंच्या सासूकडे गेले. मी सोबत होतो. म्हातारी आता घरात एकटीच होती. आमच्याकडून पाईप टाकून देतो, वडील म्हणाले.

"त्या मोटारीचं पाणी नको. सून कोपऱ्यावरच्या नळाचं भरायची. तुमाला जमंल?"

"जमेल."

पुढच्या पाण्याला ते हंडे घेऊन रांगेत उभे राहिले.

"सायेब, आमचे बी दोन घ्या की, तेवढाच व्यायाम!" एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "चार दिवसांची हौस हाय."

म्हातारी उंबऱ्यावरून बघायची. "राखेनं घासा आधी. ती घासायची." वडील उकिडवे बसून घासायचे. आमच्या घरात त्यांनी स्वतःचं ताटही कधी उचललं नव्हतं.

असं दीड वर्ष चाललं. मग हर्निया निघाला. डॉक्टरांनी ओझं बंद केलं. त्या पाण्याला मी गेलो.

"सायेब कुठं हायेत?" म्हातारीनं विचारलं.

"त्यांना उचलायचं नाही. मी भरतो, नाहीतर माणूस लावतो."

तिनं माझ्या हातातला हंडा काढून घेतला. "नाय. पिंप रिकामं राहू दे."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. वडील उठले आणि स्वयंपाकघरातला तांब्या घेऊन गेले. नळ ते घर, तांब्या तांब्यानं त्यांनी पाणी नेलं. नळ गेला तेव्हा पिंपाचा तळ जेमतेम झाकला होता. म्हातारीनं वाकून आत पाहिलं, आणि झाकण लावलं.