उजवी कळी, डावी कळी

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. गावातला पहिला पदवीधर म्हणून आईनं आळीभर साखर वाटली. लोक येऊन पाठ थोपटून गेले. मी ओटीवर बसून मान हलवत राहिलो. हा नम्रपणा आहे असं सगळ्यांना वाटलं आणि मीही तो समज तसाच राहू दिला.

आमचं गाव कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढं काय, हा प्रश्न महिनाभरात दारात आला, तोही दोन पाकिटांतून. एक पत्र साजगावच्या कागद कारखान्याचं होतं: प्रयोगशाळेत जागा, सोमवारी पहिल्या पाळीला हजर व्हा. दुसरं पुण्याचं. आमच्या सरांनी खटपट करून एम.एस्सी.ला प्रवेश मिळवून दिला होता, तिथंही सोमवारीच जायचं होतं. वडिलांनी मला चार-पाच वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी मी म्हणालो, बघू. घरात भातलावणीची गडबड, त्यात माझं हे बघू. शेवटी शनिवारी ते म्हणाले, देवीला कौल लावू.

कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. जी आधी पडेल ती देवीची आज्ञा. जमिनीच्या वाटणीपासून सोयरिकीपर्यंत आमच्याकडे हे चालायचं. मी विज्ञान शिकलेला, निदान हसू तरी यायला हवं होतं. तेही आलं नाही.

वडील बैलांना पाणी दाखवून मागून येणार होते. मी तगरीच्या कळ्या आणि नारळ घेऊन पुढं गेलो. देवळात म्हातारा गुरव एकटाच होता. उजवी साजगावची, डावी पुण्याची, असं वडील त्याला सकाळीच सांगून गेले होते. त्यानं कळ्या ताम्हणातल्या पाण्यात टाकल्या, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "देवी माज्याच हातानं देते रं. एकीला पानी कमी लावलं का ती पडते. तुला कंची पायजे ती सांग. तुज्या बापाला कळू देनार नाय."

असं कुणी कुणाला सांगत नाही. उभ्या जन्माची त्याची पत त्यानं माझ्यापुढं ठेवली होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"तुमाला बरं वाटंल तशी लावा," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोन्ही कळ्या सारख्याच ओल्या केल्या, मला दाखवून केल्या, आणि वडील आल्यावर चिकटवल्या. वडील हात जोडून उभे. मी खांबाला टेकून समईची वात बघत होतो. बराच वेळ गेला. उजवी पडली. गुरवानं नारळ फोडून माझ्या हातात अर्धी वाटी दिली, पण नजर दिली नाही.

परत येताना बांधावरून वडील पुढं, मी मागं. निम्म्या वाटेत ते थांबले. मागं न वळताच म्हणाले, "तुला पुन्याला जायचं असंल तर आजून सांग. देवीची माफी मी मागीन. तू बोलंनास, म्हनून तिला इचारलं."

त्यांनी देवीशी कधी वाकडेपणा केला नव्हता. माझ्यासाठी ते तेवढंही करायला तयार होते, हे मला त्या क्षणी नीट समजलं. ते माझ्या उत्तरासाठी उभे राहिले. खाचरातल्या बायका लावणी थांबवून आमच्याकडे बघायला लागल्या, तेव्हा ते चालू लागले.

सोमवारी मी खोपोलीची गाडी धरून साजगावला गेलो आणि तिथंच निवृत्त झालो. देवीनं पोराला कामाला लावलं, असं वडील शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायचे. मी समोर असलो की मात्र सांगत नसत.