मधल्या बोटातले पवित्रक

मागच्या वर्षी आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी लिहिले होते की, विष्णुगुरुजींच्या बोटात उतरलेला फुप्फुसाचा कर्करोग ‘सरांनी आणि मी’ ओळखला. ते खरे नाही. तो डॉ. टेंभेकर सरांनी ओळखला. माझ्या हातून निसटला होता. माझी पहिली शाळा घरीच झाली. चूक खोडायची नाही, तिच्याखाली बरोबर लिहायचे, हा आईचा नियम. तो इथे पाळते.

सरांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुजू झाले त्या दिवशी मी थेट मायक्रोस्कोपकडे निघाले, तर सरांनी थांबवले. म्हणाले, “दूधविनायकाच्या मराठी मोहल्ल्यातल्या ना तुम्ही? मग आधी चहा, मायक्रोस्कोप नंतर.”

त्याच हिवाळ्यात दशाश्वमेध घाटावरचे पुरोहित विष्णुगुरुजी यांच्या बोटाचा तुकडा तपासणीला आला. कागदावर ‘नखुरडे, आठ दिवस’ असे होते. मला पू दिसला. ‘साधा संसर्ग’ लिहून मी सही केली. अहवाल न्यायला गुरुजी स्वतः आले. कोणीही रुग्ण आला की सर बाहेर येऊन दोन शब्द बोलतातच. त्यांची नजर गुरुजींच्या सोन्याच्या पवित्रकावर गेली.

“गुरुजी, अनामिकेतली अंगठी मधल्या बोटात? यजमान हरकत घेत नाहीत?”

“यजमान दक्षिणेकडे बघतात, बोटं कोण बघतो! फुगलेल्या बोटात चढेना, म्हणून इथे घातलं.”

“कधीपासून?”

“चातुर्मास बसायच्या आधीपासून.”

“खोकला?”

“घाटावर खांसी कुणाला नाही, डॉक्टरसाहेब?”

सर आत आले. “नखुरडं इतके महिने टिकत नाही,” एवढेच म्हणाले आणि मेणात बसवलेल्या त्याच तुकड्याचे आणखी खोल काप काढून घेतले. त्यांत ज्या पेशी सापडल्या त्या बोटाच्या नव्हत्या, फुप्फुसाच्या होत्या. हा रोग मेंदूत, हाडांत जातो हे आम्हाला पाठ. बोटाच्या टोकाला तो क्वचितच पोहोचतो. सुदैवाने तो गोळ्यांना दाद देणारा निघाला. गोळ्या अजून चालू आहेत, पण आज चौथ्या वर्षीही गुरुजी घाटाच्या पायऱ्या उतरतात, चढतात, आणि पवित्रक पुन्हा अनामिकेत आहे!

माझा अहवाल सरांनी कुणाला दाखवला नाही. “सुधारित अहवाल तुम्हीच लिहा, सहीही तुमचीच,” म्हणाले. त्या सहीमुळे गुरुजी आजही मला “माझा जीव वाचवणारी पोरगी” म्हणतात, आणि मी ते अजून दुरुस्त केलेले नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि त्यांच्या नजरेखाली आमच्या आणखी पुष्कळ चुका सापडोत. बालाजी घाटाजवळच्या त्यांच्या घरी पंचाहत्तरीची शांत आहे, पौरोहित्य विष्णुगुरुजींचे. त्यांनी संकल्प सांगायला सुरुवात करण्याआधी मी त्यांना सगळे खरे सांगणार आहे. येत्या रथसप्तमीला, सकाळी.