पोस्टकार्डावरचा नंबर

अर्ध्या डोंबिवलीला लांबचं दिसत नव्हतं, उरलेल्या अर्ध्या डोंबिवलीला जवळचं, आणि कुणाला काय दिसत नाही ते मला तोंडपाठ होतं. बढाई मारत नाही. ऐंशीचं दशक संपता संपता मी पूर्वेला, स्टेशनजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर लागलेले. बी.कॉम. झालेलं, वय तेवीस, राहायला शहाडला, आणि तोंड असं की आई म्हणायची, हिला नोकरीवर ठेवणाऱ्याचे आधी पाय धरले पाहिजेत. मालक आतल्या खोलीत डोळे तपासायचे, मी बाहेर फ्रेमा दाखवायचे आणि बिलं करायचे.

मी लागले तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची नोंद म्हणजे जुन्या बिलबुकांचा ढीग. कुणी विचारलं, 'माझा मागचा नंबर काय होता हो?' की मालक त्या ढिगात डोकं घालून बसायचे. मला असला पसारा बघवत नाही. मी जाड कागदाची कार्डं कापून आणली. एका गिऱ्हाइकाचं एक कार्ड: नाव, पत्ता, वय, उजवा डोळा, डावा डोळा, फ्रेम, तारीख. आणि सगळ्यात खाली माझ्या सुपीक डोक्यातून निघालेला एक रकाना, शेरा. त्यात मी काय वाट्टेल ते लिहायचे. 'नाक बसकं, फ्रेम घसरते.' 'वय चोरतात.' 'बायको सांगेल तीच फ्रेम घेणार.' 'मुलाशी बोलणं नाही, सुनेबरोबर येतात.' पुढच्या खेपेला तो माणूस आला की मी कार्ड काढून विचारायचे, 'काय काका, फ्रेम घसरत नाही ना आता?' माणूस एकदम खूश. मालक म्हणायचे, 'अगं, तू पोलिसात जायचीस, चुकून इथे आलीस.' मला ते कौतुकच वाटायचं.

पोस्टकार्डांची कल्पनासुद्धा माझीच. डोळे तपासून वर्ष झालं की गिऱ्हाइकाच्या घरी एक कार्ड टाकायचं: 'आपले डोळे तपासून एक वर्ष झाले. मागील नंबर उजवा अमुक, डावा तमुक. एकदा येऊन तपासून घ्यावे.' नंबर मी मुद्दाम लिहायचे. माणसाला वाटलं पाहिजे, अरे, यांनी आपली आठवण ठेवली! पाकिटं महाग पडली असती, म्हणून उघडी कार्डं. लोक ती हातात घेऊन दुकानात यायला लागले, येताना शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही आणायला लागले. त्या दिवाळीत मालकांनी मला साडी घेतली. मी नुसती हवेत होते.

त्या काळी लग्नाच्या बाजारात चष्मा म्हणजे मुलीतली खोट. मुलगा स्वतः जाडजूड काचा लावून बसलेला असला तरी जाहिरातीत 'मुलीला चष्मा नसावा' असं बिनदिक्कत छापून यायचं. म्हणून आमच्याकडे आया मुलींना घेऊन लेन्स करायला यायच्या. दुकानात दुसरं कुणी असेल तर बाहेरच घुटमळायच्या, आणि दुकान रिकामं झालं की पटकन आत शिरायच्या.

अशाच एक मायलेकी आल्या. मुलगी माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, बालवाडीत शिकवायची. नंबर उजवा मायनस साडेसहा, डावा सात. चष्मा काढला की तिला समोरच्याचे नाकडोळे दिसायचे नाहीत. लेन्स घालायला शिकायला तिला चार दिवस लागले. रोज दुपारी यायची, आरशासमोर बसायची, बोट डोळ्याजवळ गेलं की पापणी मिटायची, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी तिची पापणी धरून बसायचे आणि वर दमही द्यायचे, 'अगं, लेन्स आहे ती, मिरची नाही!' चौथ्या दिवशी दोन्ही लेन्स बसल्या. तिने रस्त्याकडे बघितलं आणि समोरच्या दुकानाची पाटी धडाधड वाचून दाखवली. 'ताई, आणि नाकावर काही नाही हो!' दोघी इतक्या हसलो की मालक आतून बाहेर आले.

निघताना तिच्या आईने मला बाजूला घेतलं. 'मुलाकडच्यांना यातलं काही सांगितलेलं नाही हं. कुठे बोलू नकोस.' मी म्हटलं, 'काकू, इथून शब्द बाहेर जाणार नाही.' अगदी मनापासून म्हटलं. आणि त्यांची पाठ वळल्यावर कार्ड काढून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'रविवारी मुलगा बघायला येणार. चष्म्याचं सांगितलेलं नाही, म्हणून लेन्स.' कशाला लिहिलं? त्या ओळीचा दुकानाला काडीचा उपयोग नव्हता. पण मला कळलेलं होतं ना, मग ते लिहून ठेवायलाच हवं!

लग्न जमलं, झालं. ती ठाण्याला गेली, खोपटला, एसटी डेपोच्या मागे. काही महिन्यांनी माहेरी आली तेव्हा लेन्स धुवायचं सोल्युशन घ्यायला दुकानात आली. सासरी अजून कुणाला माहीत नाही म्हणाली, डबी कपाटात साड्यांच्या मागे ठेवते, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून लेन्स घालते. मी ऐकून हळहळले. मग बिल करताना म्हटलं, 'नवा पत्ता सांग गं.' तिने सांगितला. मी बिलावर लिहिला, कार्डावर लिहिला, आणि पोस्टकार्डांच्या वहीतही उतरवून घेतला. कुठलंही काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

वर्ष भरलं. एका दुपारी बसून मी त्या महिन्याची सगळी पोस्टकार्डं लिहिली, त्यात तिचंही. 'आपल्या लेन्स घेऊन एक वर्ष झाले. नंबर उजवा मायनस साडेसहा, डावा सात.' वर तिचं नाव, खाली खोपटचा पत्ता. तिच्या पापण्या चार दिवस या हातांनी धरलेल्या, आणि त्याच हातांनी तिचं नाव लिहिताना मी एकदाही थांबले नाही. अक्षर तेवढं छान काढलं.

आठवड्याभराने तिची आई दुकानात आली. पोस्टमन दुपारचा येतो, सासरे रिटायर्ड, गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि आलेलं टपाल मोठ्याने वाचतात. त्यांनी हेही वाचलं. दोनदा वाचलं. सुनेला समोर उभं केलं, डोळ्यांतलं काढून दाखवायला लावलं. संध्याकाळी बॅग भरून तिला माहेरी पाठवलं. 'आम्हाला फसवलंत, आता रविवारी बैठकीत काय ते ठरेल,' असा निरोप. नांदवायची की नाही, ते ठरणार होतं. हे सगळं सांगून तिची आई एवढंच म्हणाली, 'तू शब्द दिला होतास ना गं?' मी, जिच्यापुढे कुणाची बोलायची टाप नसायची, ती काउंटरची काच पुसत राहिले.

दोन दिवसांनी सासरे स्वतः आले. खिशातून माझं पोस्टकार्ड काढून काउंटरवर ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, 'या मुलीचं कार्ड असेल ना तुमच्याकडे? यात नुसतं वर्ष झालं म्हटलंय, पहिल्यांदा नक्की कधी आली ती तारीख हवी. लग्नाआधीच आली होती, एवढंच मला बैठकीत लेखी दाखवायचंय.'

मालक खुर्चीतून उठलेच. 'दे गं काढून. पोस्टकार्ड तर गेलंच आहे त्यांच्याकडे. आणि खोटं थोडंच आहे त्यात?'

खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तारीख खरी होती आणि तारखेखाली माझ्या सुबक अक्षरातली ती ओळही खरी होती. बघायला येणार, सांगितलेलं नाही, म्हणून लेन्स. ते कार्ड त्यांच्या हातात पडलं असतं तर बैठकीत बोलायला काही उरलंच नसतं. मी म्हटलं, 'ते तिचं कार्ड आहे. तिने सांगितलं तर देईन.'

'अहो बाई,' सासरे म्हणाले, 'तुम्हीच तिचा नंबर घरी पाठवलात. आता कसली गुपितं?'

थोबाडीत बसावी तसं लागलं. मी म्हटलं, 'चूक झाली ती. दुसऱ्यांदा नाही करणार.' मालक लालबुंद झाले. 'दुकान तुझं की माझं?' म्हणून ओरडले. मी म्हटलं, 'दुकान तुमचं, काका. डोळे तिचे.' आणि खणातून कार्ड काढून सरळ पर्समध्ये टाकलं. नोकरी गेली असंच धरून चाललेले. त्या गृहस्थांचं अगदीच चुकत होतं असंही नाही, त्यांना खरंच फसवलेलं होतं. पण ते विचारायची जागा आमचं काउंटर नव्हे. ते तसेच निघून गेले, पोस्टकार्ड मात्र आठवणीने परत खिशात घातलं.

संध्याकाळी मी तिच्या माहेरी गेले. दार तिनेच उघडलं. नाकावर जुना चष्मा, डोळे सुजलेले. मी कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, 'हे तुझं. फाड, जाळ, काय करायचं ते कर.' तिने ते उलटसुलट वाचलं. शेऱ्यापाशी थांबली. ती ओळ तिने माझ्यासमोर वाचली, आणि मला वाटलं आत्ता इथल्या इथे धरणी पोटात घेईल तर बरं. तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. मी चपला घालून जिना उतरले.

बैठकीचं मला तिच्या आईकडून नंतर कळलं. सासऱ्यांनी पोस्टकार्ड पुढे ठेवल्यावर हिने आतून कार्ड आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हणाली, 'तारीख यात आहे. खालचंही वाचा. आम्ही लपवलं, ते चुकलं. आता नांदवायचं तर चष्म्यासकट नांदवा.' मग इतका वेळ खाली मान घालून बसलेला तिचा नवरा म्हणाला, 'मला पहिल्या आठवड्यापासूनच माहीत होतं.' हिची बॅग गेली तेव्हा हे ध्यान मूग गिळून बसलेलं! असो. सासऱ्यांनी कार्ड खाली ठेवलं आणि चहा मागितला. आठ दिवसांनी ती खोपटला परत गेली.

नोकरी गेली नाही. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले, एवढंच. मी तो शेऱ्याचा रकाना बंद केला. खणातली सगळी कार्डं काढून शेरे काळ्या शाईने खोडले, आणि खोडताना एकेक वाचून लाज वाटत गेली. लोक आमच्याकडे नुसते डोळे दाखवायला आलेले. पुढे पत्र पाठवायचं तर आधी विचारायचं, पाठवू का, कुठे पाठवू, आणि ज्यांना हवं त्यांना बंद अंतर्देशीय पत्र, त्यात नंबर नाही. मालक कुरकुरले. पत्रं निम्म्याहून कमी झाली, पण 'नको' म्हणणारे इतके निघतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

सहा-सात महिन्यांनी ती दुकानात आली. चष्मा लावून, नवी फ्रेम, आमच्याकडची नव्हे. मला बघून हसली नाही.

'माझं अजून काही लिहिलेलं आहे का तुमच्याकडे?'

मी पोस्टकार्डांची वही काढली. खोपटचा पत्ता तिथे होता. मी तिच्यासमोर तो खोडला. ती म्हणाली, 'अजून वाचता येतोय.' मी पेनाने इतका गिरवला की कागद फाटायला आला. मग मी घाईघाईने तिला सगळं सांगायला लागले, आता आम्ही विचारून पाठवतो, शेरे बंद केले, नंबर लिहीत नाही. ती ऐकत होती. मला वाटलं, आता तरी म्हणेल, जाऊ दे ताई.

शेवटी मीच म्हटलं, 'घरी सगळं नीट आहे ना आता? त्यांच्यावरचा राग गेला ना? मग माझ्यावरच कशाला धरून बसलीयस?'

'त्यांच्यावर राग कसला धरू?' ती म्हणाली. 'त्यांना मी फसवलं होतं. तुम्हाला तर मी सगळं खरं सांगितलं होतं.'