शेवाळाची बादली

काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांकडे किस्से कधी कमी पडत नाहीत. काच घासून लख्ख करा, पुढच्या रविवारी पुन्हा हिरवी! किस्स्यांचंही तसंच, एक सांगून संपवला की दुसरा चढलेलाच. बालाघाटच्या आमच्या रविवारच्या मंडळात माणसं चारच: डॉक्टरसाहेब, वारासिवनीचे राइस मिलवाले टेंभरेजी, मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम करणारा रमेशभाऊ आणि मी, हायस्कुलातला सायन्सचा मास्तर. जमायचो डॉक्टरांच्या हॉलमध्ये, कारण समुद्राच्या पाण्याची टाकी फक्त त्यांच्याकडे होती. तेव्हा आम्ही खूप हसलो. आता तेच सांगताना तोंड कडू होतं.

* * *

वैनगंगेच्या काठी समुद्र करायचा म्हणजे आधी मीठ आलं. टेंभरेजी म्हणाले, "मुंबईहून काहून बलावता? आमच्या घरी बैलाईसाठी खड्याचं मीठ पडून हाय!"

डॉक्टरांनी ओतलं. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उताणे!

टेंभरेजींनी बोट बुडवलं, चाखलं आणि म्हणाले, "खारं त बराबर झालं होतं!"

* * *

पुढे मीठ मुंबईहून येऊ लागलं आणि टाकी चालली, ती रमेशभाऊमुळे. दगड त्यानं रचले. पंप त्यानं बसवला, आणि पंपाच्या तोंडात काही ओढलं जाऊ नये म्हणून त्यावर काळा स्पंज बांधला. दर रविवारी कोपरापर्यंत हात बुडवून जुन्या टूथब्रशनं तो शेवाळ घासायचा. घरी एकटाच माणूस, त्या टाकीशिवाय त्याला जीव लावायला दुसरं काही नव्हतं. नारिंगी माशांची जोडी त्याच्या बोटातून खायची, आणि डॉक्टर दिसले की दगडामागे!

एकदा कोणी मोठे अधिकारी आले. डॉक्टर त्यांना म्हणाले, "रोज सुबह एक घंटा मैं इसी को देता हूँ. साधना है मेरी."

रमेशभाऊचा हात तेव्हा टाकीतच होता. पाहुण्यांनी विचारलं, "और ये?"

"ये? ये तो ब्रश मारता है."

* * *

आता माझा पराक्रम. बस स्टँडजवळ नवं सायबर कॅफे उघडलं होतं. तासाभरात दोन पानं उघडायची, त्यातल्या एकावर मला सी हेअर सापडला. म्हणजे समुद्री ससा. खरं तर गोगलगायीचा भाऊबंद, अंग मऊ लिबलिबीत, डोक्यावर कानांसारखी दोन शिंगं, आणि खाणं एकच, शेवाळ! मी प्रिंट काढला आणि रमेशभाऊ नसताना डॉक्टरांच्या हातात नेऊन दिला.

"मास्तर, दिमाग हाय तुमच्यात!" डॉक्टर म्हणाले. त्या शाबासकीवर मी आठवडाभर फुगून फिरलो. हा ससा आला की रमेशभाऊच्या रविवारचं काय होणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी तो विचार केला नाही, एवढंच.

* * *

मुंबईचं पार्सल गोंदियाला उतरलं. ते आणायला मी आणि रमेशभाऊच गेलो. परतीच्या बसमध्ये त्यानं थर्माकोलचा डबा मांडीवर धरला होता. कंडक्टरनं विचारलं, "इसमें क्या है?"

मी ऐटीत म्हणालो, "समुद्री खरगोश."

"जानवर का टिकट लगेगा!" झाकण उघडून त्यानं पिशवीतला तो तपकिरी गोळा बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "रहने दो. पहले बताओ, मुँह किधर है इसका?"

अख्खी बस हसली. रमेशभाऊ तेवढा म्हणाला, "झाकण लावा जी, घाबरून राह्यला तो."

* * *

बारा दिवसांत काच आरशासारखी झाली! पहिल्याच आठवड्यात रमेशभाऊनं शेवाळानं भरलेला एक दगड टाकीच्याच पाण्यात, बादलीत काढून ठेवला होता. "पुढं कामी पडन," एवढंच बोलला.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "रमेश, आता तुले यायचं काम नाही. हा सुट्टी मांगत नाही, चाहा मांगत नाही!"

टेंभरेजी खो खो हसले. मीही हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. रमेशभाऊनं त्या घरात त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला, कान तुटलेला कप धुतला, नळाजवळ पालथा घातला आणि गेला.

* * *

शेवाळ संपलं आणि ससा उपाशी पडला. मोठ्या शहरात म्हणे असं जनावर या टाकीतून त्या टाकीत फिरवतात. इथे दुसरी टाकी कुठून आणायची? डॉक्टरीणबाईंनी पालक टाकून पाहिला, तो सडला. ससा दिवसेंदिवस आटत चालला.

एका सकाळी रमेशभाऊ माझ्या दारात. हातात टाकीच्या जुन्या पाण्याची बादली, आत तो दगड. "सर, माह्या घरी ऊन नाही पडत. तुमच्या गच्चीवर ठेवू का? रोज पाणी पाहत जा. उडालं तेवढं साधं पाणी टाका. मीठ उडत नाही."

मी लगेच हो म्हटलं. रोज चढायचो, पाणी टाकायचो. शेवाळ माजलं. तो दर रविवारी डबाभर खरवडायचा आणि डॉक्टरांच्या मागच्या दारानं डॉक्टरीणबाईंना नेऊन द्यायचा. तीन वर्षं जे घासून फेकलं, तेच आता पिकवत होता! ससा पुन्हा भरला.

डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "काही द्यावं लागत नाही याले."

* * *

डॉक्टरांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना पंपावरचा काळा स्पंज खुपला. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं काढून टाकला. एवढं एकच काम त्यांनी त्या टाकीचं केलं!

ऐन कार्यक्रमात ससा पंपाच्या तोंडात ओढला गेला. भेदरला की तो शाई सोडतो. बघता बघता टाकी जांभळी! पाहुण्यांना वाटलं लाइटिंग आहे. टाळ्या पडल्या!

रमेशभाऊ डबा घेऊन मागच्या दारात उभा होता. आमंत्रण नव्हतंच. तो धावत आला, पंप बंद केला, सशाला ओंजळीत घेतलं. अर्धा फाटला होता. संध्याकाळी त्या शाईच्या विषानं नारिंगी जोडीही मरून वर तरंगली.

डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "याच्या डब्यातलंच काही खाल्लं असन त्यानं."

शेवाळ कुठून येतं ते मला माहीत होतं. स्पंज कोणी काढला तेही. मी गप्प बसलो.

* * *

महिनाभर रमेशभाऊ दिसला नाही. शेवटी मन खायला लागलं, म्हणून लालबर्रा रोडला त्याचं घर शोधत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! एक खोली, समोर मोकळं आंगण. आंगणात खाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या. उन्हानं डोळे दिपत होते.

मी उभ्याउभ्याच बोललो, "रमेशभाऊ, त्या सश्याचं डॉक्टरले मीच सांगितलं होतं."

त्यानं खाटेवरच्या मिरच्या सरकवून मला जागा केली.

"हौ, माईत हाय. पयल्याच दिवशी डॉक्टरसाबनं तुमचा कागद दाखवला होता मले. म्हणून त ऊन नाही म्हटलं अन् बाल्टी तुमच्या गच्चीवर ठेवली. तुमीच आणवला, त त्याले जगवाले तुमचाबी हात लागला पाह्यजे."

मग म्हणाला, "पाणी टाकून राह्यले ना?"