मनूताईचं संमतीपत्र

मी पस्तीस वर्षांची आहे, चारकोपला राहते आणि सेक्टरच्या मार्केटमध्ये माझं छोटं डॉक्युमेंट्सचं दुकान आहे. लायसन्स रिन्यू करणं, गाडीची नावनोंदणी बदलणं, पासपोर्टचे फॉर्म भरणं, अॅफिडेव्हिट... दिवसभर कागद, कागद आणि कागद. त्यामुळे ज्याच्यावर सही-शिक्का आहे तेवढंच खरं, अशी माझी सवय. भुताखेताचे मेसेज ग्रुपवर कुणी टाकले की मी न वाचता डिलीट करायचे. आज मीच इथे लिहायला बसलेय. सगळ्यांची नावं बदलली आहेत.

माझी मोठी बहीण मनीषा, आमची मनूताई. तिचा नवरा दिनेश, म्हणजे माझे भावोजी. ताईने स्वतःच्या पगारातून गाडी घेतली होती. आरसी बुक तिच्या नावावर होतं, आणि तिला त्याचा केवढा अभिमान!

अडीच वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी दोघं घोडबंदरच्या एका ढाब्यावरून जेवून परत येत होते. गाडीने पुढच्या बाईकला मागून उडवलं आणि डाव्या बाजूने झाडावर आदळली. ताई जागीच गेली. बाईकवाला भांडुपचा एक इलेक्ट्रिशियन होता. तो वाचला, पण त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माणसं जमेपर्यंत भावोजींनी ताईला बाहेर काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं होतं. कोण कुठे बसलं होतं हे कुणीच पाहिलं नाही.

भावोजींनी पोलिसांना सांगितलं, "गाडी मनीषा चालवत होती."

झालं! मेलेल्या माणसावर केस चालत नाही. फाईल बंद. पण त्या इलेक्ट्रिशियनच्या बायकोची फाईल कशी बंद होणार? ती आमच्या सोसायटीच्या गेटवर आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "तुमच्या पोरीने माझ्या नवऱ्याचा पाय खाल्ला!" माझी आई मालवणची. जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती तिने. त्या दिवसापासून ती खाली भाजी आणायलाही जाईना. एकच वाक्य बोलायची, "माझ्या चेडवान कोणाक मारूक नाय."

मलाही डावी बाजू खटकत होती. डावी बाजू पूर्ण आत गेलेली, मग उजवीकडे बसलेली ताई गेली कशी, आणि डावीकडचे भावोजी दोन टाक्यांवर कसे सुटले? मी विचारलं तर म्हणाले, "गाडी फिरली गं, तुला नाही कळणार." माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. फक्त राग होता.

दोन वर्षांनी भावोजींनी दुसरं लग्न केलं. मुलगी चांगली होती, श्रद्धा नाव. आणि मग एक दिवस ते चक्क माझ्या दुकानात आले.

"वर्षा, आम्ही नेपाळला चाललोय. बाय रोड. मी, श्रद्धा आणि नितीन. सोनौली बॉर्डरवरून. पेपर्स काय काय लागतात गं?"

नितीन हा त्यांचा जुना मित्र. कुठल्या गाडीने जाणार, मी विचारलं. ताईचीच गाडी. रिपेअर करून वापरत होते!

मी गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगितलं. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, प्रत्येकाचं ओळखपत्र. पलीकडे गेल्यावर कस्टमच्या ऑफिसात गाडीची परमिट घ्यायची, तिला तिकडे भन्सार म्हणतात. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र.

"आरसी अजून मनीषाच्या नावावर आहे," ते म्हणाले.

"मग आधी ट्रान्सफर करा. वारस म्हणून होईल."

"वेळ नाही ना यार, शनिवारी निघायचंय. तू एक लेटर टाईप कर ना तिच्या नावाने. बॉर्डरवर कोण बघतंय माणूस जिवंत आहे की नाही?"

मेलेल्या बायकोवर एक खोटं घालून ह्या माणसाचं पोट भरलं नव्हतं, अजून एक हवं होतं.

मनात काय आलं ते खरं सांगते. मी टाईप करून दिलं. मुद्दाम. म्हटलं, करू दे ह्याला सही, मी झेरॉक्स ठेवते, आणि हा निघाला की खोट्या सहीची तक्रार देते. काहीतरी एक तरी ह्याच्या गळ्यात पडू दे! चार ओळींचं हिंदी पत्र होतं. 'मैं, मनीषा, अपनी गाड़ी नेपाल ले जाने की अनुमति देती हूँ' वगैरे. तीन प्रिंट काढल्या. माझ्या काउंटरवर, माझ्याच पेनाने त्यांनी तिन्हींवर ताईची सही ठोकली. हात जरासुद्धा अडला नाही. एका प्रतीची झेरॉक्स मी ड्रॉवरमध्ये ठेवली.

ते शनिवारी निघाले. मंगळवारी दुपारी, तक्रार अजून द्यायचीच होती, मी दुकानात डबा उघडला होता, तेवढ्यात भावोजींचा व्हिडिओ कॉल आला. मागे ट्रक, धूळ, एक काउंटर. चेहरा घामाने डबडबलेला.

"काय लिहिलंयस तू हे? काय लिहिलंयस?"

"काय झालं?"

त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. टाईप केलेलं पत्र नव्हतंच ते. हाताने लिहिलं होतं, मराठीत. अक्षर मी लांबूनच ओळखलं. ताई प्रत्येक शब्दावर रेघ न मारता प्रत्येक अक्षरावर वेगळी छोटी रेघ मारायची, शाळेत त्यासाठी मारसुद्धा खाल्ला होता तिने.

काउंटरवरच्या नेपाळी माणसाला देवनागरी वाचता येत होती. अर्थ कळत नसेल, पण तो ते मोठ्याने वाचून गेला होता. श्रद्धाने कागद भावोजींच्या हातातून ओढला आणि पुन्हा वाचला. मला फोनमधून तिचा आवाज ऐकू येत होता, हळूहळू बारीक होत गेलेला.

"मी, खाली सही करणार मनीषा, लिहून देते की गाडी माझी आहे. पण त्या दिवशी मी चालवत नव्हते. मी डावीकडे बसले होते. हे चालवत होते. बिअर प्यायले होते. मी दोनदा म्हटलं, थांबवा. नाही थांबवली."

"मी नाही लिहिलं हे," मी म्हटलं.

"खोटं बोलू नकोस! तिने दोनदा थांबवा म्हटलेलं तुला कुणी सांगितलं? तिथे आम्ही दोघंच होतो!"

बोलून गेले... आणि मग त्यांनाच कळलं आपण काय बोललो ते. एक ट्रक हॉर्न देत गेला. श्रद्धा त्यांच्याकडे बघत होती. नितीन तिच्या मागे उभा होता, तोंडावर हात ठेवून.

भावोजींनी फोल्डरमधून दुसरी प्रत काढली. तेच. तिसरी काढली. तेच. दोन त्यांनी तिथेच टराटरा फाडल्या. पहिली श्रद्धाच्या हातात होती, ती तिने दिली नाही. कॉल कट झाला.

मी ड्रॉवर उघडला. झेरॉक्स तशीच होती. माझं टाईप केलेलं हिंदी पत्र आणि खाली भावोजींनी केलेली सही.

श्रद्धा आणि नितीन गोरखपूरहून विमानाने परत आले, भावोजींना गाडीसकट तिथेच सोडून. नितीनने मला सांगितलं, त्या सकाळी गोरखपूरच्या हॉटेलात त्यानेच सगळे पेपर्स चेक करून फोल्डरमध्ये लावले होते. पत्र तेव्हा टाईप केलेलंच होतं. फोल्डर नंतर त्याच्याच मांडीवर होता. श्रद्धाने ताईचं अक्षर आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आणि मी तर चारकोपला बसले होते.

मग नितीन रडायलाच लागला. अपघाताच्या दिवशी तोही त्या ढाब्यावर होता. भावोजी स्टिअरिंगवर बसले आणि ताई डावीकडे, हे त्याने पार्किंगमध्ये डोळ्यांनी पाहिलं होतं. मैत्रीखातर गप्प बसला. मी त्याला धीरबीर काही दिला नाही. रिक्षात घालून सरळ पोलीस स्टेशनला नेलं. ताईचं पत्र कायद्यात चालत नाही, पण नितीनचा जबाब चालतो. श्रद्धानेही बॉर्डरवर जे ऐकलं ते लिहून दिलं. केस पुन्हा उघडली. श्रद्धा माहेरी गेली, भावोजींची नोकरी गेली.

श्रद्धाने जपून आणलेलं ते पत्र माहेरी जाताना मला दिलं, मी ते आईला दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि घाबरली वगैरे अजिबात नाही. एवढंच म्हणाली, "इतको उशीर कित्याक लावल्यान गो?"

मग आम्ही दोघी भांडुपला गेलो. इलेक्ट्रिशियनच्या बायकोने पत्र दोनदा वाचलं, आत जाऊन पाणी आणलं आणि आईच्या पायाशी बसली. आईने तिला उठवलं नाही. बराच वेळ बसू दिलं. कुणाला हे वाईट वाटेल, मला नाही वाटलं.

ते पत्र आजही माझ्या कपाटात आहे. कागद माझ्याच दुकानातला आहे, मी रीम ओळखते. बाकी मला काहीही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी सगळं ऐकेन.

गेल्या महिन्यात भावोजी दुकानात आले. जामिनावर आहेत. निम्मे झालेत. काउंटर धरून म्हणाले, "वर्षा, एकदाच सांग, तूच बदललंस ना ते? मी कुणाला सांगणार नाही. केसमध्ये वापरणार नाही. फक्त हो म्हण. मला झोप लागत नाही गं."

मी हो म्हटलं असतं तर त्या माणसाला झोप लागली असती. तेवढंच हवं होतं त्याला, ते पत्र लिहिणारा कुणीतरी जिवंत माणूस.

"नाही भावोजी," मी म्हटलं, "मी नाही बदललं."

आणि ते खरंच होतं.