मिगवर मारलेलं वार्निश

मी अड्याळ सोडलं तेव्हा धानाची रोवणी चालू होती, त्यामुळे एसटी स्टँडवर मला पोचवायला फक्त बाबा आले. सरळ बांधीतून आले होते. पायांवर पोटरीपर्यंत चिखल वाळलेला, खांद्यावर दुपट्टा. माझ्या लोखंडी पेटीची दोरी त्यांनी सोडली, पुन्हा बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि परत एकदा ओढून पाहिली. हवाईदलात मेकॅनिक होते ते. एकदा तपासलेलं काम त्यांच्या लेखी तपासलेलं नसायचं. कोंढ्याकडून भंडाऱ्याची बस आली. मी पायरीवर चढलो तेव्हा ते म्हणाले, "हवाईदल तुह्यासाठी नाही रे. साच्याचं काम शिक. तुह्या हाताले तेच शोभते."

मी पाया पडलो नाही. आत जाऊन पलीकडच्या बाजूची खिडकी धरून बसलो, म्हणजे ते दिसू नयेत. अठराव्या वर्षी माणसाला हाच मोठा पराक्रम वाटतो.

गाव सोडलेल्या आम्हा लोकांना कुणी विचारलं, का गेलात, तर आम्ही नोकरीचं नाव सांगतो. मीही सांगतो. पण मी गेलो तो या वाक्याचा राग घेऊन, आणि पुढची चौदा वर्षं ते खोटं पाडायच्या मागे होतो. जे गावात राहिले त्यांना हे कधी सांगितलं नाही, आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना सांगायची गरज पडली नाही. आता सांगतो.

बाबांनी हवाईदलात मिग-२१ विमानांची देखभाल केली. निवृत्त होऊन आले आणि बाजारओळीत फवारणीचे पंप आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. दुकानाच्या भिंतीवर एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येक पान्याची आकृती काळ्या रंगात काढलेली आणि त्या आकृतीवर तो पाना टांगलेला. संध्याकाळी एक जरी आकृती उघडी दिसली तर पाना सापडेपर्यंत कुलूप लागत नसे. विमानाच्या पोटात राहिलेला पाना माणूस मारतो, असं ते म्हणत. फवारणीच्या पंपात राहिलेला पाना कुणाला मारतो हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

मी आठवीत असताना त्यांच्या एका जुन्या सोबत्यानं दिल्लीहून मिगचा प्लास्टिकचा संच पाठवला. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन वर्ष झालं होतं आणि आमचे भूगोलाचे सर अजून जुनाच नकाशा काढायला लावत होते. खऱ्या विमानाचे बहात्तर इंच तिथं एक इंच, असं ते माप. पंख तळहातावर मावत. सगळे तुकडे एका चौकटीला जोडलेले, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे. बाबांनी एकही तुकडा चिकटवला नाही. शेजारी बसून नुसतं सांगत राहिले, की इथं जिना लागायचा, इथं डोकं आपटायचं. रंग मी दुकानातल्या उरलेल्या डब्यांतून दिला. खाली आकाशी, वर फिकट मातकट, आणि मातकटावर गडद हिरवे पट्टे. लाखांदूरचा मामा त्या दिवशी नवा कॅमेरा घेऊन आला होता. त्यानं मला अंगणात उभं करून फोटो काढला. विमान मी छातीशी असं धरलं होतं की जणू कुणी हिसकावून नेणार आहे.

दोन दिवसांनी शाळेतून आलो तर विमान चकाकत होतं.

"काहून हात लावला तुमी?" मी विचारलं.

"धूळ बसून राहिली होती. वार्निश मारलं," बाबा म्हणाले.

लढाऊ विमान चकाकत नसतं, हे मी ज्याला सांगितलं त्या माणसानं खरी विमानं धुतली होती. तरी मी सांगितलं, आणि आठ दिवस अबोला धरला. ते रोज दुकानातून आल्यावर माझ्याकडे बघत आणि मी तोंड फिरवी. नंतर आई म्हणाली, "बापाशी कायले भांडतं? चांगलं तं दिसते." मी ऐकलं नाही. ते वार्निश माझ्या डोक्यात राहिलं.

बारावीनंतर हवाईदलाचा भरतीचा फॉर्म मी स्वतः भंडाऱ्याहून आणला आणि बाबांपुढं ठेवला. त्यांनी वाचला, घडी केली, खिशात टाकला. तो परत कधी दिसला नाही. महिनाभरात पुण्याला साचे बनवायच्या अभ्यासक्रमात माझं नाव लागलं. वाद घालायला मी तयारच होतो, पण त्यांनी वाद घातला नाही, आणि त्यामुळे मी जास्तच चिडलो.

पुण्यानं मला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे 'काहून'ऐवजी 'का' म्हणायची सवय, जी भांडण झालं की लगेच सुटते. दुसरी म्हणजे काम. चाकणच्या एका टूलरूममध्ये मी लागलो. गाड्यांच्या प्लास्टिकच्या भागांसाठी पोलादात साचे कोरायचे. केसाइतकं माप चुकलं तरी भाग बसत नाही. हे काम मला पाण्यासारखं जमलं, हे सांगायला मी मुळीच लाजत नाही. आज आमच्या टूलरूममध्ये बिघडलेला साचा कुणाच्या टेबलावर जातो ते विचारून बघा.

नोकरीच्या आधी वैद्यकीय तपासणी झाली. ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक डॉक्टरांनी समोर धरलं आणि आकडा विचारला. मला आकडा दिसलाच नाही. दुसरं पान, तेच. लाल आणि हिरव्यातला फरक तुम्हाला नीट कळत नाही, जन्मापासूनच, ते म्हणाले, पण या कामाला अडचण नाही. मला हसूच आलं. हवाईदलाच्या तपासणीत मी पहिल्याच दिवशी बाहेर पडलो असतो. पण राग काही कमी झाला नाही. माझ्या डोळ्यांचं मला बाविसाव्या वर्षी कळलं, मग बाबांना माझ्या अठराव्या वर्षी कुठून कळणार? त्यांनी मला नाकारलं ते माझी लायकी बघूनच, असा माझा हिशेब होता.

पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून मी मिगचा संच घेतला. तेच माप, दुसरी कंपनी. डबा उघडला आणि नाक बघूनच कळलं की चुकलंय. मिगचं नाक म्हणजे हवा ओढणारं गोल तोंड. त्याची कड पातळ हवी, ती इथं मेदूवड्यासारखी जाड होती. पाठीवरचा उंचवटा अरुंद, चाकांचे खड्डे उथळ. माझ्यासारख्याला आणखी एक दिसतं. साच्यातून तुकडा सुटून यावा म्हणून त्याच्या भिंतीला थोडा उतार द्यावा लागतो. त्यामुळे कुठली चूक साचेवाल्याच्या आळसाची आणि कुठली त्याच्या नाइलाजाची, हे मी बोट फिरवून सांगतो. नाक कापलं, आतून तासलं, प्लास्टिकच्या पट्ट्या लावून पाठ रुंद केली, पुट्टी भरली, घासली, पत्र्यांच्या जोडांच्या रेघा सुईनं पुन्हा कोरल्या. चार महिने लागले. मग दुसरं, मग तिसरं. पुण्यात असल्या वेड्यांचं एक मंडळ आहे, तिथं माझा शब्द चालतो. संच बाजारात आला की लोक आधी मला विचारतात, कुठं चुकलाय.

फक्त मी रंग देत नसे. माझी सगळी विमानं करड्या प्लास्टिकची, जागोजागी पांढरी पुट्टी. मंडळातले सबनीस त्यांना प्लास्टर घातलेले पेशंट म्हणत. म्हणू देत. बाबांनी ज्या विमानांना हात लावला, त्या विमानांचा मिलिमीटर न् मिलिमीटर मला पाठ होता, आणि हे त्यांना कधीतरी दाखवायचं एवढंच डोक्यात होतं. दाखवलं मात्र नाही. वर्षातून दोनदा अड्याळला जायचो, पंपांविषयी बोलायचो, परत यायचो.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायकोला घेऊन गेलो. मंजूषा नागपूरची. आईनं तिच्यापुढं फोटोंचा अल्बम टाकला आणि ती बघत बसली. कपाटावर ते आठवीतलं विमान अजून होतं. तिनं एकदा फोटो बघितला, एकदा कपाटाकडं बघितलं, आणि मला विचारलं, "तुमच्याजवळ दोन विमानं होते का हो?"

"एकच होतं."

"मग फोटोत याच्यावरचे पट्टे विटकरी आहेत, अन् इथं हिरवे कसे?"

मी फोटो हातात घेतला. तो मी शंभरदा तरी पाहिला असेल. मला तेव्हाही काही वेगळं दिसलं नाही. आईकडं बघितलं तर ती घाईघाईनं स्वयंपाकघरात निघून गेली. खिडक्यांच्या गजांना लावून उरलेल्या विटकरी रेड ऑक्साइडचा डबा आणि दारांच्या हिरव्या रंगाचा डबा दुकानात शेजारी शेजारी असत, हे मला तेव्हा आठवलं, आणि ते वार्निशही.

सकाळी दुकानात गेलो. बाबा एका पंपाचा वायसर बदलत होते. फोटो त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, बघितलं आणि म्हणाले, "हे तुह्या ध्यानात नसन आलं. कोनं पाह्यलं? सूनबाईनं?"

"तुमाले तवापासून माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं. वाटलं, पोरानं डबा चुकवला. म्हणून बरोबर रंग मारून ठेवून देल्लो. वार्निश वरतून मारलं, वासानं नाही, डोळ्यानं ओळखते का पाहाले. आठ दिवस वाट पाह्यली. आता म्हणन, मंग म्हणन, बाबा रंग काहून बदलवला. तू वार्निशावर चिडला. रंगाचं नावच नाही काढलं. मंग समजलं मले."

"सांगतलं काहून नाही?"

त्यांनी वायसर बसवला, दांडा दोनदा खालीवर करून पाहिला. "मेडिकलच्या लाइनीतून परत आलेले पोरं मी लय पाह्यले. कोनाले डोळ्याचं, कोनाले कानाचं. घरी गेले का दोन-दोन महिने बाहेर नाही निघत. तुले सांगतलं असतं तं तू सोताले कच्चा समजला असता. माह्यावर चिडला, ते बरं झालं. चिडून गेलेला मानूस काम शिकते."

चौदा वर्षं मी ज्या माणसाला चूक ठरवत होतो, त्यानं स्वतःच चूक व्हायचं ठरवलं होतं, आणि एसटी स्टँडवर मी त्याचं तोंड पाहायचं नाही म्हणून पलीकडं बसलो होतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "आता कायले?" ते म्हणाले, आणि पाना फळीवर त्याच्या जागी टांगला.

त्यानंतर मी विमानं गावाला नेऊ लागलो. आकार माझा, रंग बाबांचा. पहिलं नेलं तेव्हा त्यांनी ते डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, नाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "असंच होतं." बस, एवढंच. मला टूलरूममध्ये मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ते मोठं होतं. व्हिडिओ कॉलवर डबी दाखवून रंग विचारायचा प्रयोगही केला, पण फोन रंगाचं खोटं बोलते असं त्यांचं मत. म्हणून दिवाळीला आणि उन्हाळ्यात मी करडी, पुट्टी लावलेली विमानं कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून नेतो. ते ओसरीवर उजेडाकडं तोंड करून बसतात, मी शेजारी बसून ते मागतील तो ब्रश देतो. मंजूषा म्हणते, तुम्ही दोघं तीन तासांत चार वाक्यं बोललात. चार पुष्कळ झाली. पूर्वी गावाला जाताना मी काय कमावलं ते घेऊन जायचो. आता जे माझ्यानं पुरं होत नाही ते घेऊन जातो, आणि घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला हेच सांगता येतं.

गेल्या महिन्यात मंडळाच्या प्रदर्शनात मी पहिल्यांदा रंगवलेलं विमान ठेवलं. बाबांचा हात आता थोडा कापतो. डाव्या पंखावर हिरवा पट्टा थरथरत गेलाय आणि मातकटात जवभर आत शिरलाय. सबनिसांनी भिंग लावून बघितलं. खिशातून संदर्भाचा फोटो काढला, पंखाशेजारी धरला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, की ही कड चुकलीय, तासाभराचं काम आहे, तू तर सगळ्यांच्या चुका काढतोस, एवढी दुरुस्त करून टाक.

"ती बरोबर आहे," मी म्हणालो. "रंगवणारा माणूस खऱ्या विमानापाशी होता."

सबनिसांनी फोटो खिशात ठेवला.