गालिच्यावरचा फुटबॉल आणि कोल्हापूरचा खो

सकाळी गाडी सुरूच व्हायला तयार नव्हती. बर्फ इतका साचला होता की आदल्या दिवशी पाहिलेलं कुंपण आज गायब. आक्का चावी फिरवतेय, गाडी खोकतेय, आणि मागच्या सीटवर मारिआनो बुटांची पिशवी छातीशी धरून बसलेला. मी कोल्हापूरचा माणूस. पंचगंगेवर जरा धुकं पडलं की आम्ही कानटोपी शोधतो. इथं नाकातले केस गोठत होते, खोटं सांगत नाही.

आधी माणसं सांगतो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये राहते. दाजी हाडांचे डॉक्टर. मी त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे पाहुणा गेलो होतो; ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मारिआनो स्पेनचा, शेजारच्या घरात भाड्यानं राहणारा, पोटासाठी फुटबॉल खेळणारा. मायदेशी दुसऱ्या फळीच्या क्लबात खेळून तो इथं आला. इथला क्लब बंद पडला, पाठोपाठ गुडघा गेला. गुडघ्याचं ऑपरेशन दाजींनीच केलं. आता इंडियाना राज्यातल्या एका संघानं त्याला चाचणीच्या सामन्याला बोलावलं होतं. घेतलं तर राहायचं, नाही घेतलं तर इथं राहायचा परवाना संपून परत. आणि परत जाऊन तिशी ओलांडलेल्या, गुडघा शिवलेल्या गड्याला विचारतो कोण? बायको नि छोटी मुलगी तिकडेच, सासू अंथरुणाला खिळलेली. सगळं घर याच्या पायावर चालायचं.

दाजींना हॉस्पिटल सुटेना, म्हणून गाडी आक्का चालवणार. मी कशाला? तर मी आमच्या पेठेच्या संघाचा जुना गोलकीपर. कोल्हापुरात फुटबॉल काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. दोन पेठांचा सामना असला की जावई सासऱ्याशी बोलत नाही.

एकदाची गाडी सुरू झाली. टोलवेवर (पैसे भरून जायचा मोठा रस्ता) मोठमोठे ट्रक आमच्या अंगावर पाणी उडवत जायचे आणि मी दरवेळी पाय दाबून नसलेला ब्रेक मारायचो.

"शिवा, पॅनिक होऊ नकोस रे," आक्का म्हणाली. "ड्राइव्ह मी करतेय ना?"

"म्हणून तर!" मी म्हणालो.

तेवढ्यात गाडी घसरली आणि कडेच्या बर्फात रुतली. कुणाला काही लागलं नाही, पण मारिआनो झटकन दार उघडून ढकलायला उतरला. आक्का केवढ्यानं ओरडली! "नो! तुझा गुडघा! आत बस!" त्याला तिनं स्टिअरिंगवर बसवलं. साडीवर जाडा कोट घातलेली माझी बहीण आणि मी मागून ढकलू लागलो. चाक फिरतंय आणि सगळा चिखल माझ्या तोंडावर. शेवटी एक ट्रकवाला थांबला.

"कुठं चाललात?" त्यानं विचारलं.

"सॉकर मॅच," मी म्हणालो.

"या बर्फात? वेड लागलंय का तुम्हाला?" असं म्हणत त्यानं साखळी लावून गाडी बाहेर ओढली. नाव विचारेपर्यंत भला माणूस निघूनही गेला.

पुढे एका पेट्रोल पंपावर डबे उघडले. आक्काचे धपाटे आणि खर्डा, मारिआनोनं स्वतः केलेलं बटाटा-अंड्याचं जाड आम्लेट. त्याला ते लोक तोर्तिया (अंड्यात थापलेला बटाटा) म्हणतात. खर्ड्याबरोबर फर्मास लागलं. मारिआनोनं मात्र घासाला हात लावला नाही. सारखा गुडघा चोळत होता. 

मैदान बघून मी चाटच पडलो. मैदान कसलं, बर्फावरच्या हॉकीचा बंदिस्त आखाडा! बर्फावर फळ्या, फळ्यांवर हिरवा गालिचा. भोवती लाकडी भिंत, तिच्यावर काच. चेंडू बाहेर जातच नाही, भिंतीवर आपटून परत येतो. एका बाजूला सहाच गडी. आणि खरी गंमत पुढे: खेळ चालू असताना गडी बदलतात. प्रशिक्षकानं हाक मारली की आतल्यानं धावत फाटकातून बाहेर यायचं, बाकावरच्यानं आत घुसायचं. दम खाऊन परत पाळी. श्वास टिकावा म्हणून हे सगळं.

सुरुवातीला मारिआनो असा खेळला, की मी काचेवर थापा मारत होतो. पाय कसला, लोण्यात फिरणारी सुरी! पण प्रशिक्षकानं, एका दाढीवाल्या आडदांड माणसानं, हाक मारली तर हा येईना. पुन्हा हाक. हा चेंडूच्या मागे. तिकडे बदलीचा गडी आत घुसलेला. एक माणूस जास्त झाला. पंचाची शिट्टी, आणि मारिआनोची रवानगी पेनल्टी बॉक्समध्ये (शिक्षा झालेल्या गड्याची काचेची कोठडी). तो तिथं बसलेला असतानाच समोरच्यांनी गोल मारला. प्रशिक्षकानं हातातली टोपी जमिनीवर आपटली. गेलं, सगळं गेलं, असं मला वाटलं.

मधल्या सुट्टीत मारिआनो बोळात भिंतीला टेकून बसला होता. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं.

"मला बाहेर का काढतात? मी वाईट खेळतो का?" तो म्हणाला.

इथंच तर घोडं पेंड खात होतं! त्याच्या देशात काय, आमच्या पेठेत काय, मध्येच बाहेर काढलं म्हणजे नाक कापलं. बाहेर काढलेला गडी आमच्याकडे मागच्या बोळानं घरी जातो. याला समजवायचं कसं? आणि मला खो-खो आठवला.

बोळात प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर आक्काला बसवलं. मी पळत आलो, तिच्या पाठीवर थाप मारून ओरडलो, "खो!" आक्का, शाळेची जुनी खेळाडू, कोटासकट उठून सुसाट पळाली. मी तिच्या जागी बसलो. दारावरचा पहारेकरी बघतच राहिला.

"तिनं पळायचं, मी दम खायचा," मी म्हणालो. "यात अपमान नाही, बाबा. उलट जो खो द्यायला उशीर करतो, त्याच्यामुळं गडी निसटतो."

दिवसभरात पहिल्यांदा मारिआनो हसला. "ख्खो," तो म्हणाला.

नंतर मी काचेला नाक लावून उभा राहिलो. प्रशिक्षकानं हात वर केला रे केला, की मी बोंबलायचो, "खो!" आणि हा धावत बाहेर. प्रशिक्षक माझ्याकडे संशयानं बघत होता, बघेना का. शेवटाला एक धिप्पाड गडी मारिआनोवर आदळला आणि तो भिंतीशी गुडघा धरून पडला. आक्कानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. देवा अंबाबाई, एवढा गुडघा वाचव, मी म्हणत होतो. तो उठला. लंगडला नाही. स्वतःच फाटकापाशी आला आणि वाट बघणाऱ्या गड्याच्या पाठीत त्यानं अशी थाप घातली, की ते पोर दचकून आत पळालं. सामना बरोबरीत सुटला.

प्रशिक्षक आला. "गुडघा चांगला शिवलाय," तो म्हणाला. "सोमवारी ये. मोसमभर ठेवतो, पुढचं पुढं."

मी मारिआनोला मिठीच मारली. आक्का टाळ्या वाजवत होती. मारिआनो घरी फोन करायला धावला. आम्ही काचेच्या बूथबाहेर उभे. बराच वेळ तो भराभरा बोलला. बाहेर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

"मुलगी फोनवर होती. जिंकलास का, म्हणाली. मी म्हटलं, जिंकलो. मग म्हणाली, म्हणजे आता घरी येणार?"

परतीच्या रस्त्याला लागलो. आक्काचे डोळे सारखे भरून येत होते. गाडी चालवताना रडू नको, असं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

मी निघायच्या आठवड्यात दाजी हॉस्पिटलात विभागप्रमुख झाले. विमानतळावर आक्कानं घरी केलेले पेढे हातात दिले. दुधाच्या पावडरचे, पण पेढेच. कोल्हापुरात पोचल्यावर मी आईच्या हातावर पेढा ठेवला आणि छाती फुगवून दाजींची बातमी सांगितली. आईनं पेढा आधी देवापुढं ठेवला, हात जोडले, आणि उजळ तोंडानं माझ्याकडं वळली.

"चला, झालं बाई सगळं त्यांच्या मनासारखं," ती म्हणाली. "मग आता येतील न्हवं परत?"